नात आपल्याकडे, सही कोणाची?

प्रश्न : वकीलताई नमस्कार. माझी मुलगी गेली तेव्हा नात अडीच वर्षांची होती, आता ती दुसरीत आहे, सगळं आम्हीच केलंय. जावयाने दुसरं लग्न केलं, तो नालासोपाऱ्याला असतो, गणपतीलासुद्धा येत नाही आणि पैशाचं तर नावच नको. आता अचानक फोन करून म्हणतो की पोरीला घेऊन जातो. गावात एक जण म्हणतो पाचशेच्या स्टँपवर लिहून घ्या, नोटरी करा, झालं काम. आमचे हे म्हणतात, "चेडवाक आमी सांभाळतंव, मगे कागद कित्याक होयो?" (पोरीला आम्ही सांभाळतो, मग कागद कशाला हवा?) काय करू?
— एक आजी, देवगड तालुका

उत्तर : आजी, आधी त्या स्टँपचं बघू. जावयाने त्यावर दहा सह्या केल्या तरी पालकत्व तुमच्याकडे येत नाही, तो कोर्टाचाच अधिकार आहे. फार तर 'बापाला तेव्हा मान्य होतं' एवढा पुरावा म्हणून तो कागद उपयोगी पडेल. कोकणात असे नोटरी केलेले कागद ट्रंकेत जपून ठेवलेली कितीतरी घरं आहेत आणि ज्या दिवशी खरी गरज लागते त्या दिवशी त्यांचा काही उपयोग होत नाही.

आता कडू गोष्ट आधी सांगते. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्याप्रमाणे आई गेल्यावर बाप हाच नैसर्गिक पालक, दुसरं लग्न केलं म्हणून त्याचा हक्क आपोआप जात नाही. पण त्याच कायद्याच्या कलम 13 मध्ये असंही आहे की सगळ्यात वरचढ काय तर मुलाचं हित. म्हणजे कोर्ट 'हक्क कोणाचा' एवढंच बघून थांबत नाही, पोर कुठे रुजलंय तेही बघतं. सुप्रीम कोर्टाचे दोन निकाल सांगते, दोन्ही बाजूंचे. 2019 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये आई कॅन्सरने गेलेली, मूल मावशी-मामाकडे, तरी ताबा बापाला मिळाला, कारण तो बाप त्या काळात स्वतः आजारी होता, त्याने मूल टाकलेलं नव्हतं. आणि 2009 मध्ये जन्मापासून आजीने वाढवलेलं मूल बाप जिवंत असतानाही आईच्या आईकडेच ठेवलं. तुमची गोष्ट मला दुसऱ्या केसच्या जवळची वाटते, पण ते कोर्टात दाखवावं लागेल, नुसतं सांगून भागणार नाही.

तर करायचं काय, की 1890 चा पालक आणि पाल्य कायदा आहे, जुना आहे पण आजही तोच चालतो, त्याखाली पालक म्हणून नेमणूक व्हावी असा अर्ज ओरोसला जिल्हा न्यायालयात करायचा. नात राहते ते ठिकाण धरलं जातं, त्यामुळे तुम्हाला मुंबईकडे खेपा घालायची गरज नाही. आणि अर्जासोबतच तात्पुरता ताबा मागा, म्हणजे निकाल लागेपर्यंत पोरीला कोणी उचलून नेणार नाही. शाळेचा दाखला, फीच्या पावत्या, लसीकरणाचं कार्ड, प्रगतीपुस्तकावरच्या तुमच्या सह्या, सगळं गोळा करा, अगदी बारीकसारीक कागदसुद्धा. कळत्या वयाचं मूल असेल तर न्यायाधीश त्याला विचारतातही. नातीला पढवू मात्र नका हो, ते लगेच ओळखू येतं आणि आपल्यावरच उलटतं. तसंच बापाला भेटायला बंदीही करू नका, आला तर चहा द्या.

पैशाचं म्हणाल तर बाप पोटगी द्यायला बांधील आहे, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली मॅजिस्ट्रेटकडे नातीच्या वतीने अर्ज होतो. वकिलाच्या फीची काळजी नको, बाईमाणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, देवगडच्या कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीत जा नाहीतर 15100 वर फोन करा. आजोबांना सांगा, कागद नातीसाठी होयो.

प्रश्न : मॅडम, माझा भाऊ आणि वहिनी अपघातात गेले. मुलगा 13 चा, मुलगी 9 ची, माझ्याकडे आणि माझ्या आईकडे आहेत. भावाने स्वतः घेतलेली हापूसची बाग आहे, सातबाऱ्यावर मुलांची नावं लागली, अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ता, म्हणजे 18 च्या आतल्या मुलांना सांभाळणारा) म्हणून माझं नाव आहे. एक व्यापारी बाग दहा वर्षांच्या कराराने मागतोय, काही नातेवाईक म्हणतात विकूनच टाक आणि पैसे मुलांच्या नावे ठेव. मी सही करू शकतो का? की मुलांना दत्तकच घेऊ?
— राजापूर तालुका

उत्तर : दादा, सही करू नका. अ.पा.क. हा शेरा महसूल खात्याच्या नोंदीपुरता, त्याने तुम्ही कायद्याने पालक होत नाही. उद्या विक्री केलीत तर ती टिकणार नाही, आणि व्यापाऱ्याने पैसे मोजलेले असणार म्हणजे तो तुमच्याच मागे लागणार.

रत्नागिरीच्या जिल्हा न्यायालयातून मुलांच्या देहाचे आणि मिळकतीचे असे दोन्हीचे पालक म्हणून नेमणूक करून घ्या. नेमणूक झाल्यावरही विकायला, गहाण ठेवायला कोर्टाची वेगळी परवानगी लागते, तशीच 5 वर्षांवरच्या भाडेपट्ट्यालाही लागते, किंवा मूल 18 चं झाल्यावर वर्षापेक्षा जास्त पुढे जाणारा करार असेल तरी लागते. म्हणजे दहा वर्षांचं विसराच. परवानगीशिवाय व्यवहार झाला तर मुलगा सज्ञान झाल्यावर 3 वर्षांत तो रद्द करून मागू शकतो. माझं मत विचाराल तर बाग विकूच नका, आंब्याची झाडं वर्षावर्षाच्या कराराने द्या, पैसे मुलांच्या खात्यात टाका आणि हिशेबाची वही ठेवा, कारण काकाच्या हिशेबावर पुढे गाव बोलतंच. आणि एक, ती बाग फक्त मुलांची नाही, तुमची आईसुद्धा तुमच्या भावाची पहिल्या वर्गातली वारस आहे. तिचं नाव फेरफारात लागलंय का ते तलाठ्याकडे बघून घ्या, हे बऱ्याचदा राहून जातं.

आईच्या वयाची भीती वाटत असेल तर 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने कोविडमध्ये आईबाप गेलेल्या मुलाचा ताबा मावशीऐवजी आजी-आजोबांना दिला, वय झालंय आणि रिटायर आहेत हे कारण चालणार नाही असं म्हटलं. मग आई आणि तुम्ही मिळूनच अर्ज करा ना.

दत्तकाची मला तरी गरज दिसत नाही. काकाला बाल न्याय कायद्याखाली नात्यातलं दत्तक घेता येतं, आदेश जिल्हाधिकारी देतात, पण दत्तक म्हणजे कायमचं नातं बदलणं, आणि 13 वर्षांच्या मुलाला अजून बाबांचंच नाव लावायचं असेल. पालकत्वाने तुमची सगळी कामं होतात. त्यापेक्षा बाल संगोपन योजनेचा अर्ज लगेच करा, दर मुलामागे महिना 2250 रुपये, जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे फॉर्म, बाल कल्याण समिती आदेश करते. वरच्या देवगडच्या आजींनी पण हे वाचा, एक पालक गेलेल्या मुलांनाही ही योजना आहे.

प्रश्न : मुलगा-सून दोघं दुबईला नोकरीला, नातू आमच्याकडे दापोलीत शिकतो. आम्ही पण कोर्टात जायला हवं का?
— एक आजोबा

उत्तर : नाही आजोबा, आईबाप आहेत, भांडण नाही, मग कोर्ट कशाला. दोघांच्या सहीचं एक अधिकारपत्र करून घ्या की शाळेच्या आणि दवाखान्याच्या कामात आजी-आजोबा सही करतील, प्रत शाळेत देऊन ठेवा. पासपोर्टला मात्र आईबापाचीच संमती लागेल, ते सुट्टीत आले की तेवढं उरकून घ्या.