राजाचे भाषण, सरकारचे शब्द

प्रश्न : ब्रिटनमध्ये राजा असताना पंतप्रधानांकडे नेमके कोणते काम उरते?

उत्तर : उरते कसले, जवळजवळ सगळा कारभार त्यांच्याच हाती असतो. संसदेच्या उद्घाटनाला राजा मुकुट घालून जे भाषण वाचतो, त्यातला शब्दन् शब्द सरकारने लिहिलेला असतो आणि मनाला न पटणारे धोरणही त्याला ‘माझे सरकार’ म्हणत निर्विकारपणे वाचावे लागते. २०१९ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या सल्ल्यावरून तेव्हाची राणी एलिझाबेथ हिने संसद संस्थगित केली, म्हणजे तिचे कामकाज काही काळ थांबवले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांनी तो सल्लाच एकमताने बेकायदा ठरवला. ठपका राणीवर नव्हे, सल्ला देणाऱ्यावर आला. राजा-पंतप्रधानांची साप्ताहिक भेट मात्र बंद दाराआड होते आणि तिचे इतिवृत्तही ठेवले जात नाही.