वाचकांचे प्रश्न : लाव्हाचा उजेड आणि पेलेचं रूप

हवाई बेटांचा निसर्ग आणि तिथल्या देवतांच्या कथा तैलरंगात उतरवू पाहणाऱ्या वाचकांचे चार प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : किलाउएआ ज्वालामुखीचं रात्रीचं चित्र करतोय. लाव्हा पेटलेला वाटतच नाही, भिंतीला नारिंगी डिस्टेंपर मारल्यासारखा दिसतो. कॅडमियम ऑरेंजमध्ये पांढरा मिसळला, तर चित्र आणखीच मेलं. (कोल्हापूर)

गडबड त्या पांढऱ्यानेच केली आहे. नारिंगीत टिटॅनियम व्हाइट पडला की रंग फिका होतो, पण त्याची ऊब जाते आणि तो पिठूळ दिसतो. पांढरा खाली हवा आणि नारिंगी त्याच्यावर काचेसारखा पातळ.

लाव्हाची तेवढीच जागा टिटॅनियम व्हाइटमध्ये चिमूटभर कॅडमियम लेमन घालून भरून घ्या आणि आठवडा-दहा दिवस वाळू द्या. मग 1 भाग जवसाचं तेल आणि 2 भाग टर्पेंटाइन एकत्र करून त्यात अगदी थोडा इंडियन यलो घ्या आणि मऊ ब्रशने पसरवा. तो थर वाळला की कडेकडेने ट्रान्सपरंट ऑक्साइड रेड द्या, या हाताला तेल थोडं वाढवा. कॅडमियमचे रंग अपारदर्शक असतात, त्यामुळे या कामाला ते चालत नाहीत.

रंगांचा क्रम उष्णतेप्रमाणे ठेवा. हवाईचा लाव्हा 1100 अंश सेल्सियसहून जास्त तापलेला बाहेर येतो. भेगेच्या मधोमध पिवळा, बाजूला नारिंगी, मग गडद लाल आणि शेवटी काळी खपली. पुष्कळ जण हा क्रम उलटा करतात, कडा पिवळी आणि मध्य लाल. मग तो लाव्हा न वाटता रंगीत पट्टा वाटतो.

दुसरं, उजेडाची जागा कमी करा. ज्यूल्स टॅव्हर्निए हा फ्रेंच चित्रकार 1884 मध्ये हवाईला आला आणि 1889 मध्ये होनोलुलूत वारला. त्याच्यासारख्या ज्वालामुखी रंगवणाऱ्यांना पुढे ‘व्होल्केनो स्कूल’ हे नाव पडलं. त्यांची रात्रीची चित्रं नीट पाहा : बराचसा कॅनव्हास अंधाराचा आणि त्या अंधारामुळेच जाळ धगधगतो. वर चढणाऱ्या वाफेची खालची बाजू गुलाबी-नारिंगी करा आणि कड्यांवरची सावली वरच्या दिशेला पाडा, कारण दिवा खाली आहे. चंद्र दाखवायचाच असेल तर मंद ठेवा.

दिवसाचं दृश्य असेल तर नुकताच थिजलेला पाहोएहोए लाव्हा काळा करू नका. त्याची काचेसारखी त्वचा आभाळ परावर्तित करते आणि रुपेरी-करडी दिसते. तापलेल्या दुधावर फुंकर घातली की साय जशी वळ्या घेत एका बाजूला गोळा होते, तशाच त्याच्या दोरखंडी वळ्या असतात. आ-आ जातीचा लाव्हा मात्र खडबडीत, ढेकळांचा. तिथे ब्रश ठेवा आणि पॅलेट नाइफ घ्या.

प्रश्न : ओआहू बेटावरचे कोओलाउचे हिरवे कडे माझ्या हातून सह्याद्रीसारखेच होतात. (नाशिक)

दोन्हीकडचा दगड बेसॉल्टच, त्यामुळे हाताची सवय फसवते. सह्याद्रीत लाव्हाचे थर एकावर एक बसलेले दिसतात, म्हणून आपण आडव्या पायऱ्या काढतो. कोओलाउच्या कड्यांवर पावसाने उभ्या पन्हळी कोरल्या आहेत. रेषा वरून खाली ओढा. प्रत्येक पन्हळीची एक बाजू उन्हात, दुसरी निळसर सावलीत. थॅलो ग्रीन ट्यूबमधून थेट लावू नका, बर्न्ट सिएना मिसळून त्याचा भडकपणा मारा.

प्रश्न : खडकासाठी आयव्हरी ब्लॅकचा थर दिला होता. सहा महिन्यांत वरच्या रंगाला भेगा पडल्या. पावसाळ्यात बुरशीही आली. (रत्नागिरी)

आयव्हरी ब्लॅक तेल फार पितो आणि फार सावकाश वाळतो. वरचा थर आधी कडक झाला, खालचा हलत राहिला, म्हणून भेगा. यापुढे काळा स्वतः बनवा : 2 भाग अल्ट्रामरीन, 1 भाग बर्न्ट अंबर. अंबरमधल्या मँगेनीजमुळे तो लवकर वाळतो, शिवाय हा काळा नारिंगीशेजारी जिवंत दिसतो. भेगा वरच्याच थरात असतील तर तो भाग खरवडून पुन्हा रंगवा. सँडपेपर मात्र नको, कॅडमियमची धूळ छातीत जाते.

कोकणातल्या पावसाळ्यात थरांमधलं अंतर दुप्पट धरा. ओलं चित्र बंद कपाटात ठेवू नका, तेल पिवळं पडतं आणि बुरशीला आमंत्रण मिळतं. भिंतीपासून दोन बोटं अंतर ठेवून हवेशीर, उजेडाच्या खोलीत लावा. व्हार्निश सहा महिन्यांनी, थर जाड असतील तर वर्षाने. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवून झाकणाच्या डब्यात टाका.

प्रश्न : पेले देवीचं चित्र काढायचं आहे. परक्या माणसाने काय सांभाळावं? (पुणे)

आधी हे लक्षात घ्या की पेले ही हवाईत आजही मानली जाणारी ज्वालामुखीची देवता आहे, कित्येक घराणी तिला आपली पूर्वज समजतात. किलाउएआचं हालेमाउमाउ विवर हे तिचं घर. तिथल्या राष्ट्रीय उद्यानात डी. हॉवर्ड हिचकॉकने काढलेलं तिचं जुनं चित्र होतं. त्यातली पेले गोऱ्या, सोनेरी केसांच्या बाईसारखी दिसते, अशी टीका झाली. 2003 मध्ये व्होल्केनो आर्ट सेंटरने नव्या चित्रासाठी स्पर्धा घेतली, 140 हून अधिक चित्रं आली आणि आर्थर जॉन्सन यांचं चित्र निवडलं गेलं. त्यातली पेले लाल छटांत आहे, एका हातात जमीन खणण्याची काठी आणि दुसऱ्या हातात गर्भरूपातली धाकटी बहीण हिइआका. काठी का, तर पेलेने बेटामागून बेटावर खणत खणत आपल्या अग्नीसाठी जागा शोधली. कथेतली वस्तू अशी कारणासकट कळली, तरच ती चित्रात घ्या.

गवताचा झगा टाळा, तो एकोणिसाव्या शतकात गिल्बर्ट बेटांवरून आला. सालीपासून कुटून केलेलं कापा वस्त्र दाखवा. खुरचाफ्याचे हारही पुराणकथेत बसत नाहीत, हवाईत तो 1860 मध्ये पोचला. ओहिआचं लाल फूल, लेहुआ, घ्या. त्याच्या पाकळ्या जवळजवळ दिसतच नाहीत, जामाच्या फुलासारखा नुसता केसरांचा झुबका. कोरड्या, ताठ ब्रशने मध्यापासून बाहेर झटके मारा, टोकांवर पिवळे ठिपके द्या. ओहिआ आणि लेहुआ हे पेलेमुळे ताटातूट झालेले प्रेमी, नंतर झाड आणि फूल होऊन एकत्र आलेले. फूल तोडलं की पाऊस येतो, असं तिथे मानतात. म्हणून झाडामागे निळं आकाश न देता करडं, ओलं धुकं ठेवा आणि लाल रंग फक्त फुलालाच मिळू द्या.