युद्धनौकेचे किट अचूक आहे का, हे विचारण्याआधी वर्ष ठरवा

आपण जुन्या 'विक्रांत' या भारतीय विमानवाहू नौकेच्या १/७०० प्रमाणातील प्रतिकृतीचे किट, म्हणजे जोडणीचा संच, घेतला असून ते अचूक आहे की नाही, हे कसे ओळखावे असे विचारले आहे. कोणत्या वर्षाची विक्रांत, हे ठरल्याशिवाय त्या किटला बरोबर किंवा चूक म्हणता येत नाही.

मी कोल्हापुरात उद्यमनगरात फाउंड्रीसाठी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात ते नमुने, बनवतो. काही वर्षांपूर्वी इथल्याच एका प्रदर्शनात मी १९७१ ची विक्रांत मांडली होती. पुढचा डेक सपाट, त्यावर विमान वेगाने पुढे फेकणाऱ्या वाफेच्या कॅटापल्टची खाच, मागे सी हॉक आणि अलिझे विमाने. परीक्षकांनी पाहताक्षणी विचारले, "पुढचा चढ कुठे आहे? मी मुंबईत ही नौका स्वतः पाहिली आहे." त्यांनी जी पाहिली, ती १९९७ मध्ये निवृत्त होऊन संग्रहालय झालेली विक्रांत होती. तो चढ सी हॅरियर विमानांसाठी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात बसवला गेला. १९७१ च्या युद्धात चितगाव आणि कॉक्स बझारवर ज्या नौकेवरून विमाने झेपावली, तिच्यावर तो नव्हता. शेजारी मी त्या काळातले छायाचित्र ठेवले होते, तर "फोटो जुना आहे" असे म्हणून त्यांनी गुण कापले. जुनी नौका जुन्या छायाचित्रावरूनच तपासायची असते, हे परीक्षकाला सांगावे लागू नये, असे माझे तेव्हाही मत होते आणि आजही आहे.

मापाचे म्हणाल तर विक्रांतची एकूण लांबी ७०० फूट, म्हणजे आपल्या प्रमाणात बरोबर एक फूट, ३०४.८ मिलिमीटर. मात्र पुस्तकांत ६३० फूट हा आकडाही सापडतो. ती लंबांतर्गत लांबी, म्हणजे पाण्याच्या पातळीवरील पुढच्या टोकापासून सुकाणूच्या खांबापर्यंतची लांबी असते आणि तिच्यावरून किट लांब ठरवणारे लोक मी पाहिले आहेत. लांबीपेक्षा हलचा, म्हणजे नौकेच्या मुख्य धडाचा, आकार महत्त्वाचा. ड्रॉइंगमधील छेदावरून पुठ्ठ्याचा फर्मा कापून तो हलला टेकवावा आणि खिडकीकडे धरावा. फटीतून उजेड आला, की तिथे चूक आहे. ब्रिज, मास्ट, तोफा बदलता येतात, पण हल चुकलेले किट मी घेत नाही.

रेलिंग जाड आहे, ही तक्रार मात्र मला मान्य नाही. अर्ध्या मिलिमीटरची दांडी प्रत्यक्षात ३५ सेंटिमीटर होते हे खरे, परंतु डायमध्ये, म्हणजे किटच्या साच्यात, प्लास्टिकला तेवढी जागा द्यावीच लागते. उभ्या भिंतींना किंचित उतार असतो तोही भाग डायमधून सुटावा म्हणून. पॅटर्नला आम्ही ड्राफ्ट देतो, त्यातलाच हा प्रकार आहे.

अर्थात छायाचित्रेही फसवतात. जवळून घेतलेल्या छायाचित्रात नाळ, म्हणजे नौकेचे पुढचे टोक, फुगलेली दिसते, आणि कृष्णधवल छायाचित्रावरून रंगाची छटा ठरवू नये. त्यामुळे तारीख माहीत असलेली, वेगवेगळ्या बाजूंची छायाचित्रे जमवावीत.

आपल्या किटमध्ये पुढे चढ असेल आणि सोबत सी हॉक विमाने दिली असतील, तर ती जोडी कोणत्याच वर्षाची नाही, कारण चढ बसेपर्यंत सी हॉक सेवेतून गेलेली होती. अशा वेळी विमाने बदला, किंवा चढ कापून डेक सपाट करा.