लघुग्रह 'अंधुक' की 'काळा'?

प्रश्न असा आहे : 'डार्क ॲस्टेरॉइड'ला मराठीत 'अंधारा लघुग्रह' म्हणावे, 'अंधुक' म्हणावे की 'गडद'?

'अंधारा' नकोच. खोली अंधारी असते, जिना अंधारा असतो, कारण तिथे उजेड पोचत नाही. लघुग्रहावर ऊन लख्ख पडलेले असते. त्यातले तो फारच थोडे परत पाठवतो, एवढेच.

'अंधुक'वर मात्र थांबायला हवे, कारण खरा घोटाळा इथे होतो. अंधुक म्हणजे आपल्याला कसा दिसतो ते. काळा म्हणजे तो मुळात कसा आहे ते. लघुग्रहांच्या पट्ट्यातल्या सेरेसचा व्यास सुमारे ९४० किमी, तिथल्याच वेस्टाचा ५२५. तरी आकाशात वेस्टाच जास्त तेजस्वी दिसतो, कारण त्याचा पृष्ठभाग सेरेसपेक्षा कितीतरी उजळ आहे. लहान उजळ खडक आणि मोठा काळा खडक दुर्बिणीतून अगदी सारखेच अंधुक दिसू शकतात.

मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यातला २५३ मातिल्ड घ्या. १२ नोव्हेंबर १८८५ रोजी योहान पालिसा यांना तो व्हिएन्नाच्या वेधशाळेत सापडला. पालिसांनी १२२ लघुग्रह शोधले आणि सगळे दुर्बिणीला डोळा लावून! नकाशात नसलेला ठिपका हेरायचा आणि आजूबाजूच्या ताऱ्यांच्या तुलनेत तो जागा बदलतो का, ते पाहायचे. त्या रात्री त्यांना जे दिसले ते अंधुकच होते. ते काळे आहे हे नुसत्या ठिपक्यावरून कळणार कसे? त्यासाठी आकारही ठाऊक असावा लागतो. एरॉस या दुसऱ्या लघुग्रहाकडे निघालेले 'निअर' यान २७ जून १९९७ रोजी मातिल्डपासून सुमारे १,२०० किमीवरून गेले, तेव्हा पन्नासेक किमीचा हा खडक जवळून पाहायला मिळाला. पडलेल्या उजेडापैकी जेमतेम चार टक्के परतवणारा, कोळशासारखा काळा! म्हणूनच त्यावरच्या विवरांना जगभरच्या कोळसाखोऱ्यांची नावे दिली आहेत, आणि त्यांत आपले दामोदर खोरेही आहे.

तेव्हा पृष्ठभागाबद्दल लिहिताना सरळ 'काळा' किंवा 'काळपट' लिहावे. पालिसांच्या दुर्बिणीतल्या ठिपक्याबद्दल 'अंधुक' अगदी योग्य. 'गडद' चूक नाही, पण तो ऐकला की मन पुढचा रंग शोधते : गडद निळा, गडद हिरवा. मला तो इथे अपुरा वाटतो. 'कृष्ण लघुग्रह' हाही पर्याय सुचेल, पण 'कृष्णविवर' इतके रूढ झाले आहे की वाचक उगाच तिकडे वळेल.