पायाची आग, नागिणीची कळ आणि बधिर बोटं

प्रश्न : वय ५८, मधुमेह १७ वर्षांपासून. दिवसभर यंत्रमागावर उभं राहून काम असतं. रात्री अंथरुणावर पडलं की तळव्यांची आग सुरू होते, अंगावरची चादरही पायाला सोसत नाही. चालताना चप्पल निसटून मागे राहते, तेही कळत नाही. डॉक्टरांनी नसांच्या दुखण्यावरची प्रीगाबालिन ७५ मिलिग्रॅम दिली होती. दोन दिवस घेतली, सकाळी गरगरायला लागलं म्हणून सोडली. मेडिकलमधून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्यांनी काहीच फरक नाही. – अशोक चौक, सोलापूर

उत्तर : तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ती चप्पल आहे. आग होते, कारण बिघडलेल्या नसा खोटे निरोप पाठवतात. चप्पल निसटलेली कळत नाही, कारण खरे निरोप वर पोचतच नाहीत. गोळी आगीवर चालते, बधिरपणावर चालत नाही. त्यामुळे आग थांबली तरी पाय सांभाळावाच लागतो.

डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या सुजेवरच्या गोळ्या. तुमच्याकडे दुखणं सुजेचं नाही, नसेचं आहे, म्हणून त्यांचा उपयोग झाला नाही. मधुमेहात किडनीवर आधीच ताण असतो, त्यात या गोळ्या रोज घेणं धोक्याचं. त्या थांबवा.

प्रीगाबालिन तुम्हाला सोसत नाही, असा निष्कर्ष दोन दिवसांत काढता येत नाही. गरगरणं आणि गुंगी अनेकांना पहिल्या आठवड्यात होते, पुढे ओसरते. डॉक्टरांना विचारून २५ किंवा ५० मिलिग्रॅमपासून सुरुवात करा. गोळी झोपायच्या दीड-दोन तास आधी घ्या, आणि पहिला डोस साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या रात्री, म्हणजे गुंगीत मागाजवळ उभं राहायची वेळ येणार नाही. डोस आठवड्या-आठवड्यानं वाढतो. सुरू करण्यापूर्वी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी तपासणी) तपासा, कारण ही गोळी किडनीतून बाहेर पडते आणि किडनी मंद असेल तर डोस कमी लागतो. पावलं सुजली, वजन भराभर वाढलं तर डॉक्टरांना सांगा. दारू त्यासोबत अजिबात नको. महिनाभर घेतल्यावर एकदम बंद करू नका, निदान आठवडाभर तरी कमी करत आणावी लागते.

तरीही जमली नाही तर दुसरे दोन रस्ते आहेत. ड्युलोक्सेटिन ३० मिलिग्रॅम जेवणानंतर, आठवड्यानं ६०. किंवा अॅमिट्रिप्टिलिन, नॉरट्रिप्टिलिनपैकी एक, रात्री १० मिलिग्रॅमपासून. या शेवटच्या दोन्हींनी तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतो. प्रोस्टेट वाढलेली असेल तर लघवी अडकू शकते, काचबिंदू किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना सांगायलाच हवं. ‘या मानसिक आजाराच्या गोळ्या आहेत’ असं कुणी म्हणालं तर घाबरू नका, नसांच्या दुखण्यासाठी अॅमिट्रिप्टिलिन, नॉरट्रिप्टिलिनचा डोस बराच कमी असतो. २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ब्रिटिश अभ्यासात अॅमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन आणि प्रीगाबालिन, कशानंही सुरुवात केली तरी मधुमेहातलं दुखणं जवळपास सारखंच कमी झालं. एका गोळीनं न भागलेल्यांना दुसरी जोडल्यावर आणखी आराम पडला. म्हणून कोणती गोळी हे तुमचं वय, किडनी, झोप आणि खिसा पाहून ठरतं.

प्रत्येक औषधाला योग्य डोसवर चार ते सहा आठवडे द्या. दुखणं शून्यावर येईल ही अपेक्षा ठेवू नका. १० पैकी ८ वरून ४ वर आलं आणि सलग पाच तास झोप लागली, तर औषध उत्तम चाललं असं समजा. रोज सकाळी कॅलेंडरवर रात्रीचा आकडा लिहा. आठवणीच्या भरवशावर डोस ठरवला की चुकतो.

साखरेची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्वाची रक्तातली पातळी एकदा पाहाच, शाकाहारी असाल तर नक्कीच. कमी निघाली तर इंजेक्शनं किंवा गोळ्यांनी भरून काढता येते. पातळी चांगली असताना ‘नसांची ताकद’ म्हणून वर्षभर लाल कॅप्सूल खाण्यात पैसा जातो, फायदा फारसा दिसत नाही. आणखी एक : साखर खाली आणायची, पण दमादमानं. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) तीन महिन्यांत दोन-तीन अंकांनी घसरलं तर पायाची आग उलट भडकू शकते.

आता पायांकडे. आग होते म्हणून गरम पाण्यात पाय बुडवून बसू नका. बधिर पायाला चटका कळत नाही, सकाळी फोड दिसतो. उन्हाळ्यात देवळाच्या फरशीवरही तेच होतं, प्रदक्षिणा घालायची असेल तर मोजे घालून पहाटे घाला. मागे पट्टा असलेली, एमसीआर (बारीक छिद्रांच्या मऊ) रबराची चप्पल घ्या. घालण्यापूर्वी हात आत फिरवून खडा, खिळा पाहा. रात्री आरसा जमिनीवर ठेवून तळवे तपासा.

व्यायामाला स्वयंपाकघरातला ओटा पुरतो. ओट्याला बोटं टेकवून एका पायावर १० सेकंद, मग दुसऱ्यावर, पाच वेळा. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणं १० वेळा. चालताना २० मिनिटांनी दुखणं वाढत असेल तर १४ मिनिटांवर थांबा आणि चार-पाच दिवसांनी दोन मिनिटं वाढवा. बरं वाटलं त्या दिवशी तासभर चालायचं आणि पुढचे दोन दिवस पडून राहायचं, यानं सगळं बिघडतं. तळव्यावर जखम असेल तर चालणं बंद, आधी दवाखाना.

प्रश्न : आईला (७१) पाच महिन्यांपूर्वी बरगडीवर नागीण झाली होती. फोड गेले, पण पदर घासला तरी कळ येते. नागिणीचं औषध परत द्यावं का? – पंढरपूर

उत्तर : नाही. नागिणीचं औषध, म्हणजे असायक्लोव्हिर, विषाणूवर चालतं, आणि ते पुरळ आल्यापासून ७२ तासांत सुरू झालं तरच खरा उपयोग. आता विषाणूचा हल्ला संपला आहे, मागे राहिली आहे ती दुखावलेली नस. तिच्यासाठी गॅबापेंटिन किंवा प्रीगाबालिन वयाच्या मानानं छोट्या डोसनं सुरू करतात. गॅबापेंटिन देत असाल तर अॅसिडिटीचं पातळ औषध आणि ही गोळी यांत दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर गोळी पूर्ण अंगी लागत नाही. ५ टक्के लिडोकेनची पट्टी अखंड कातडीवर १२ तास लावायची, १२ तास काढायची. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या घामात ती सुटते, म्हणून रात्री पंख्याखाली लावलेली बरी. मिरचीतल्या तिखट घटकाचं कॅप्सेसिन मलम दिवसातून तीन-चारदा, काही आठवडे लावावं लागतं. सुरुवातीला चांगलंच झोंबतं. लावल्यावर हात साबणानं धुवा, तो हात डोळ्याला लागता कामा नये.

स्पर्शाची सवय घरीच लावता येते. कापूस, जुन्या नऊवारीचा मऊ तुकडा, धुऊन वापरलेला पंचा आणि शेवटी नवा कोरा सोलापुरी टॉवेल, हा क्रम. आधी दुखऱ्या भागाच्या कडेनं, मग हळूहळू मध्ये, एकाच दाबानं पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. फुंकर घातल्यासारखा निसटता स्पर्श जास्त झोंबतो, सलग टेकवलेला सोसतो. एक कापड सहज सोसेपर्यंत पुढचं घेऊ नका. दिवसा आत अंगाला बसणारी सुती बंडी घातली की पदर घासत नाही.

प्रश्न : मी घरी विड्या वळते. रात्री उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग येते, झटकला की बरं वाटतं. करंगळीला काही होत नाही. मेडिकलमधून मनगटाचा पट्टा आणला, उलट त्रास वाढला. – विडी घरकुल, सोलापूर

उत्तर : करंगळी सुटते आणि झटकल्यावर बरं वाटतं, यावरून मनगटातल्या बोगद्यात नस दबली असावी. तुमच्या पट्ट्यात बहुधा धातूची पट्टी आहे आणि ती मनगट मागे वाकवून धरते. ती बाहेर काढून हातानं सपाट करा, परत घाला. मनगट सरळ रेषेत हवं. पट्टा फक्त झोपताना, सहा आठवडे, आणि खाली एक बोट सहज जाईल इतकाच आवळा.

सूप मांडीवर असलं की मनगट खाली वाकतं. सुपाखाली पाट किंवा घट्ट उशी घेऊन ते वर आणा. पानं कातरायची कात्री बोथट असेल तर धार लावून घ्या, बोथट कात्रीला दुप्पट जोर लागतो. दर अर्ध्या तासानं दोन मिनिटं हात रिकामे ठेवा. थायरॉइड आणि साखर तपासा. अंगठ्याच्या मुळाचा फुगीर भाग सपाट दिसायला लागला किंवा हातातून वस्तू पडायला लागल्या, तर पट्ट्यावर वेळ काढू नका. सिव्हिलमध्ये दाखवा, नसेची तपासणी करून लहान शस्त्रक्रियेचा विचार करावा लागेल. उशीर झाला तर मुंग्या जातात, ताकद परत येत नाही.

प्रश्न : वडिलांच्या दंडावर फिकट चट्टा आहे, तिथं टोचलेलं कळत नाही. करंगळीही बधिर वाटते. तेलानं मालीश चालू आहे. – अक्कलकोट

उत्तर : मालीश बाजूला ठेवा, याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. फिकट, बधिर चट्टा म्हणजे कुष्ठरोग नाही ना, हे आधी पाहावं लागतं. त्यावरचं बहुविध औषध (अनेक औषधांचा एकत्रित कोर्स) सरकारी केंद्रात मोफत मिळतं आणि सहा महिने किंवा वर्षाच्या कोर्सनं रोग बरा होतो. औषध सुरू झालं की संसर्ग पसरणं लवकरच थांबतं, वडिलांची ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही. कोपराच्या आतल्या बाजूची नस दाबल्यावर दुखत असेल किंवा करंगळी वाकायला लागली असेल, तर ते तिथल्या डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण अशा वेळी स्टेरॉइड लवकर सुरू केलं तर बोटं वाचतात.