अस्पेनमधील पाच दिवस : नातवंडांसह संगीत आणि कला

प्रश्न : आम्ही उभयता जुलैमध्ये डेन्व्हरला मुलीकडे जाणार आहोत आणि तेथून सारे मिळून कोलोरॅडोच्या डोंगरांतील अस्पेन येथे पाच दिवस राहणार आहोत. तेथे उन्हाळ्यात पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा मोठा महोत्सव असतो, म्हणून जावई रोज एका मैफलीची तिकिटे काढण्याच्या विचारात आहेत. नात अकरा वर्षांची असून तबला शिकते; नातू सहा वर्षांचा आहे आणि एका जागी स्वस्थ बसत नाही. मुलांना कंटाळा येऊ नये, यासाठी दिवस कसे आखावेत? – एक आजी

उत्तर : रोजच्या तिकिटांचा बेत जावईबापूंनी सोडून द्यावा, हे आधी सांगतो. हा महोत्सव १९४९ साली जर्मन कवी गटे याच्या जन्माच्या द्विशताब्दीच्या निमित्ताने सुरू झाला. त्याची मुख्य जागा म्हणजे सुमारे दोन हजार आसनांचा, कापडी छताचा भव्य तंबू. त्याच्या बाहेरच्या हिरवळीवर बसून आतले संगीत विनामूल्य ऐकता येते. तुमच्या नातवासाठी हीच जागा योग्य. तेथे त्याला आडवे होता येईल, चित्रे काढता येतील, आणि चुळबुळ वाढली की कोणाचाही रसभंग न करता त्याला फिरवून आणता येईल. मात्र हिरवळीवरचे श्रोतेही मन लावून ऐकत असतात, त्यामुळे चेंडू घरीच ठेवावा.

तिकीट काढायचेच असेल तर मोठ्या वाद्यवृंदाच्या एका मैफलीचे काढा आणि नातीला टिंपनी, म्हणजे तांब्याच्या कढयांसारखे ते मोठे नगारे, नीट दिसतील अशी जागा घ्या. तबल्याचा सूर लावताना हातोडीने गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे) ठोकणे आणि गजऱ्यावर (चामड्याच्या विणलेल्या कडेवर) हलके आघात करणे तिच्या परिचयाचे असेल. टिंपनीवादक हेच काम पायाखालच्या पेडलने, बहुधा इतर वादक वाजवत असताना, कान चामड्याजवळ नेऊन आणि बोटाने अगदी हळू टिचकी मारून करतो. एवढे आधी सांगून ठेवले, तर दोन तासांच्या कार्यक्रमात तिची नजर कोठे लागेल याची काळजी तुम्हांला करावी लागणार नाही. हा महोत्सव एक संगीतशाळाही आहे. तेथे शिकायला आलेले शेकडो तरुण वादक गावात दिसतात आणि विद्यार्थ्यांचे बरेच कार्यक्रम विनामूल्य असतात; ते आटोपशीर असल्याने मुलांना अधिक मानवतात.

नातीने तबला सोबत नेला, तर तेथील कोरड्या हवेने पुडी, म्हणजे वरचे चामडे, ताणली जाऊन सूर चढेल, हे लक्षात असू द्यावे. आपल्याकडे पावसाळ्यात सूर उतरतो, त्याच्या नेमके उलटे. उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत तो मुळीच ठेवू नये.

या कोरड्या, विरळ हवेचा विचार तुम्हां दोघांसाठी अधिक महत्त्वाचा आहे. अस्पेन सुमारे २,४०० मीटर उंचीवर असून तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने जवळजवळ पाव हिस्सा कमी असतो. डोके जड होणे, धाप लागणे, पहिल्या रात्री झोप न लागणे हे तेथे नेहमीचेच आहे. पहिला दिवस मोकळा ठेवावा, पाणी भरपूर प्यावे, आणि हृदयाचा किंवा श्वसनाचा विकार असल्यास निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

त्या मोकळ्या दिवशी अस्पेन कला संग्रहालय पाहता येईल. जपानी वास्तुरचनाकार शिगेरू बान यांनी रचलेली ही इमारत २०१४ साली खुली झाली. बाहेरून ती विणलेल्या टोपलीसारखी दिसते. वरच्या गच्चीवर जाऊन तेथून एकेक मजला उतरत दालने पाहावीत, अशी तिची कल्पना आहे; गुडघेदुखी असलेल्यांना लिफ्टने वर जाऊन हे सहज साधते. तंबूच्या शेजारच्या परिसरात बाउहाउस या जर्मन कलाशाळेच्या परंपरेतील कलावंत हर्बर्ट बायर यांची १९५५ सालची दोन कामे उघड्यावर आहेत : गवताने आच्छादलेल्या वर्तुळाकार बांधाची एक रचना आणि खाणीत पडून राहिलेल्या संगमरवराच्या तुकड्यांची एक बाग. कला म्हणजे भिंतीवर टांगलेली वस्तू, अशी मुलांची समजूत असेल तर ती येथे आपोआप दूर होईल. हाताने काही करून पाहायचे असल्यास जवळच्या स्नोमास व्हिलेजमधील अँडरसन रँच या १९६६ पासूनच्या कलाकेंद्रात उन्हाळ्यात मुलांसाठी कार्यशाळा होतात. त्यांची नावनोंदणी आताच करावी.

डोंगरात फिरणे सकाळीच उरकावे, कारण जुलैत दुपारी विजांसह पाऊस येणे नित्याचे असते. मरून बेल्स ही जोडशिखरे पाहण्यासाठी दिवसा बसनेच जावे लागते आणि तिचे आरक्षण आधी करावे लागते, म्हणून मैफलीच्या तिकिटांआधी ते काम उरकून घ्यावे. डेन्व्हरहून जाताना इंडिपेंडन्स पास या घाटाचा रस्ता उन्हाळ्यात खुला असतो आणि अंतरही वाचवतो. पण तो सुमारे ३,६८७ मीटरपर्यंत चढतो आणि वळणे अरुंद आहेत. जाताना ग्लेनवुड स्प्रिंग्जमार्गे लांबच्या रस्त्याने जावे, आणि प्रकृती साथ देत असेल तर परतीला तो घाट निवडावा.