म्युझिक सॉफ्टवेअर सारखं हँग होतं, आवाज तुटतो. सॉफ्टवेअर बदलू की लॅपटॉप?

तुम्ही लिहिलंय की आय-थ्रीचा लॅपटॉप आहे, ८ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. सॉफ्टवेअर उघडायला पाच मिनिटं लागतात आणि गाणं वाजवलं की कडकड येते. आधी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, टाका, मग बोलू. एवढंच लिहून थांबणार होतो. पण 'गायकाला रेकॉर्ड करताना बफर २०४८ वर ठेवतो, मग काही अडचण येत नाही' हे तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवेना. अडचण येते. तुम्हाला येत नाही, गायकाला येते. बफर म्हणजे मशीन आवाज पुढं पाठवायच्या आधी साठवून घेतं तो घास. घास मोठा केला की कडकड जाते, पण आवाज उशिरा पोचतो.

२०१७ चा जानेवारी. सोलापुरात अशोक चौकाच्या मागं एका खोलीत मी आणि एका मित्रानं भागीदारीत स्टुडिओ टाकला होता. स्टुडिओ म्हणजे काय, भिंतींना जुन्या चादरी ठोकलेल्या. तरी शेजारच्या यंत्रमागांची खटखट माइकमध्ये यायचीच, म्हणून माग बंद असतील त्या दिवशी रेकॉर्डिंग. गड्ड्याच्या यात्रेसाठी सिद्धेश्वरांचं गाणं करत होतो. अक्षता सोहळ्याच्या आत ते पोरांच्या मोबाइलमध्ये गेलं पाहिजे, नंतर कोण विचारतं? बाकी सगळं सॅम्पलवर, म्हणजे तयार रेकॉर्ड केलेल्या आवाजांवर, उरकलं होतं, हलगी तेवढी खरी हवी होती. सॅम्पलची हलगी ऐकली की मला तेलाचा रिकामा डबा आठवतो.

तात्या आले. साठी ओलांडलेले, हलगीत हयात गेलेली. थंडीत कातडं ढिलं पडतं, हलगी तापवावी लागते. गच्चीवर रद्दी पेटवली, हलगी आचेवर गोल फिरवली, मध्ये मध्ये बोटानं टिचकी मारून कान लावला. टणक बोलायला लागली तसे खाली आले. आणि खाली आमचं सॉफ्टवेअर अजून उघडतच होतं! नाव घेत नाही त्याचं. दर वेळी उघडताना सगळे प्लगिन, म्हणजे त्याला जोडलेली वाद्यं आणि इफेक्ट, पुन्हा पहिल्यापासून तपासायचं, घरात शिरताना रोज भांडी मोजावीत तसं. दहा मिनिटं गेली. हलगी गार. तात्या परत वर. खाली आले, अर्धा टेक झाला, हँग. परत वर. तिसऱ्या खेपेला रद्दी संपली, तेव्हा मी त्याच सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलची प्रिंट दिली जाळायला. तेवढा एक उपयोग झाला तिचा.

एकदाचं चालू झालं तर कडकड. भागीदारानं बफर ओढून २०४८ केला, कडकड गेली. तात्यांच्या कानाला हेडफोन. दोन आवर्तनं झाली आणि ते थांबले.

"माझ्या मागनं दुसरं कोण वाजवतंय रं?"

आम्ही हसलो. हे मला आजही खातं.

चार टेक झाले. हलगी गाण्याच्या पुढं पळायला लागली. भागीदार माझ्या कानात म्हणाला, "म्हातारा गेला बे. ताल सुटला." त्याच खोलीत, उघड्या माइकसमोर. तात्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला, हलगी फडक्यात बांधली आणि गेले. पैसे घेतले नाहीत. गाणं डब्यावरच गेलं.

आता हिशेब बघा. ४४.१ किलोहर्ट्झला मशीन आवाजाचे सेकंदाला ४४,१०० तुकडे करतं, त्या तुकड्यांनाही सॅम्पलच म्हणतात. असे २०४८ म्हणजे ४६ मिलिसेकंद. आत येताना तेवढे, बाहेर जाताना तेवढे, मिळून ९३. गाण्याचा टेम्पो १६०, म्हणजे मिनिटाला १६० ठोके. म्हणजे एका ठोक्याचा चौथा भाग ९४ मिलिसेकंदांचा. तात्यांना स्वतःचा हात बरोबर पाव ठोका उशिरा ऐकू येत होता. खरंच मागनं दुसरं कोणीतरी वाजवत होतं. आमचं मशीन.

तेव्हा तुमच्यासाठी: रेकॉर्ड करताना बफर १२८, कडकडलंच तर २५६. मिक्सिंगला खुशाल १०२४ ठेवा, तिथं उशीर कुणाला टोचत नाही. इंटरफेसवर, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडायच्या डबीवर, डायरेक्ट मॉनिटरचं बटण असेल तर ते वापरा, मग गायकाला आवाज लॅपटॉपमधून न जाता थेट ऐकू येतो; आणि सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करा. जुने ट्रॅक फ्रीझ करा, म्हणजे प्लगिनसकट तयार आवाज करून ठेवा, मशीनवरचा भार उतरतो. ड्रायव्हर इंटरफेसबरोबर आलेलाच घाला. मे महिन्यात आमच्याकडं पारा ४३ वर गेला की लॅपटॉप तापून स्वतःच वेग उतरवतो, त्याला टेबलफॅन लावा, हसू नका.

सॉफ्टवेअर बदलायचंच तर रीपर बघा. विनअँप हा गाणी वाजवायचा प्लेअर करणाऱ्या जस्टिन फ्रँकेलचं, पहिली पूर्ण आवृत्ती २००६ ची. डाउनलोड चिमुकलं, ६० दिवस फुकट वापरता येतं, वैयक्तिक लायसन्स ६० डॉलरचं. दिसायला सरकारी फॉर्मसारखं आहे, पण उघडतं. बाकीच्यांनी बटणांवर गंज आणि स्क्रू रंगवण्यात जेवढी अक्कल घातली तेवढी उघडण्यात घातली असती तर बरं झालं असतं.

माझा भागीदार तेव्हापासून म्हणतोय, महागडी मशीन घेतली असती तर हे झालंच नसतं. झालं असतं. चाळीस प्लगिन लावून बफर २०४८ वर ठेवणारा माणूस नव्या मशीनवर ऐंशी लावतो.

हां, एक राहिलं: मोठ्या ऑर्केस्ट्रा लायब्ऱ्या वापरणार असाल तर ८ जीबी पुरणार नाही, तिथं माझं सगळं ज्ञान फुकट. आणि लॅपटॉपमध्ये रॅम वाढवता येते का ते एसएसडी घ्यायच्या आधी दुकानदाराला उघडून बघायला सांगा.

तात्यांचा चौथा टेक माझ्याकडं अजून आहे. दोन वर्षांनी सहज उघडला. उशिरा ऐकू येणारा ठोका तालावर बसावा म्हणून त्यांनी हात आधी टाकायला सुरुवात केली होती, न सांगता, न समजता. ट्रॅक ९३ मिलिसेकंद उजवीकडं सरकवला आणि शेवटच्या आवर्तनापर्यंत एकेक ठोका तालावर बसला. भागीदाराला ऐकवला. म्हणाला, योगायोग.